सासूबाईंना उजेडात आणताना

माझ्या सासूबाईंचा रंग गोरा आहे, हे आधीच सांगून ठेवते. कारण पुढच्या सगळ्या हकिगतीत त्या काळ्या येणार आहेत आणि त्यात त्यांचा काहीएक दोष नाही. माझा होता का, ते माझी लेक बेबी उठायच्या आत सांगून टाकते.

बापूभाऊजी, म्हणजे माझे धाकटे दीर, फौजेत आहेत. यंदा दसऱ्याला ते जबलपूरला घरी आले, आणि सोनं वाटून होतं न होतं तोच परत बोलावणारी तार आली. बूट चढवता चढवता ते मला म्हणाले, "वहिनी, सगळ्यांचा एक फोटो पाठवजा. स्टुडिओतला नको, मागं पडद्यावर हंस-बिंस असलेला. आपलं अंगण, आपला बाक, आई, अण्णा, दादा, बेबी. जसे बसता तसे." मग रिक्षात बसल्यावर मागं वळून म्हणाले, "आईचा चेहरा नीट येऊ दे."

हे वाक्य त्यांनी एखाद्या स्टुडिओवाल्याला सांगितलं असतं तर गोष्ट तिथंच संपली असती. पण सांगितलं मला, आणि माझ्याकडे कॅमेरा आहे.

कॅमेरा म्हटल्यावर गळ्यात अडकवायची डबी डोळ्यांसमोर आणू नका. माझे वडील अमरावतीला फोटोग्राफर. त्यांना मुलगा नाही, म्हणून लग्नात त्यांनी मला पलंग दिला, भांडी दिली आणि शिलाईमशीनच्या ऐवजी स्वतःचा जुना कॅमेरा दिला. सागवानी चौकट, पितळी कड्या, मधे बाजाच्या पेटीसारखा घड्याघड्यांचा भाता, तीन पायांची घोडी आणि डोक्यावर घ्यायला काळं कापड. त्यात रीळ जात नाही. वहीच्या अर्ध्या पानाएवढी एकच सुटी फिल्म चपट्या लाकडी पेटीत बसवून मागून सरकवायची, लेन्सवरचं झाकण हातानं काढायचं, मनात एकदा 'गजानन महाराज' म्हणायचं आणि झाकण लावायचं. मागच्या काचेवर माणसं उलटी दिसतात. सासूबाईंनी एकदा कापडाखाली डोकं घातलं आणि अण्णांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, डोकं खाली पाय वर असे पाहून त्या इतक्या समाधानानं बाहेर आल्या की कॅमेऱ्याचं आता या घरात बस्तान बसलं असं मला वाटलं. तसं काही झालं नाही. दुसऱ्या दिवसापासून लोकांच्या सुना शिलाईमशीन आणतात हे पुन्हा सुरू झालं.

अंधारी खोली मात्र मला सरकारनं दिली. हे नोकरीला आहेत त्या तोफांच्या फॅक्टरीच्या इस्टेटमध्ये नोव्हेंबरातच ब्लॅकआउटची तालीम सुरू झाली आणि घरोघर काचांना काळा कागद लावायचा हुकूम निघाला. आमच्या न्हाणीच्या झरोक्याला मी तो इतक्या निगुतीनं चिकटवला की तपासायला आलेल्या वॉर्डनांनी, म्हणजे शेजारच्या शालिग्राम भैयांनी, क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीला आणून तो दाखवला. शत्रूची विमानं आली असती तर त्यांना दुसरं काहीही दिसलं असतं, आमची न्हाणी दिसली नसती. दुपारी बेबी पाळण्यात झोपली की मी आत जाऊन कडी लावायची. पाळण्याची दोरी दाराखालून आत घेतलेली. डाव्या हातानं दोरी ओढायची, उजव्या हातानं ट्रेमधली फिल्म दव्यात, म्हणजे फिल्म धुवायच्या औषधात, हलवायची. बाहेर कन्या झोपलेली, आत कला चाललेली. एकाच वेळी दोन्ही सांभाळणारी बाई या इस्टेटमध्ये दुसरी नसेल, असं मला तेव्हा वाटायचं. या वाटण्याची नोंद असू द्या.

पहिला फोटो काढला. बाकावर डावीकडे अण्णा, मधे हे बेबीला घेऊन, उजवीकडे सासूबाई, पलीकडे तुळस. छापून पाहिला तर अण्णांच्या मफलरची लोकर मोजून घ्यावी इतका स्वच्छ, हेही छान, आणि सासूबाईंच्या बाजूनं जणू संध्याकाळ झालेली. तुळस गेली, बाकाचा पाय गेला, सासूबाईंचं नुसतं नाक आणि नाकातली चमकी उरली.

सासूबाईंनी फोटो हातात घेतला, दाराशी नेऊन उजेडात धरला. मग शांतपणे म्हणाल्या, "काहून व पद्मा, मी काय तुझं वाईट केलं?"

मी म्हटलं, कुठंतरी चुकलं, पुन्हा काढू. त्या म्हणाल्या, काढ बाई, पण हा पोराले पाठवू नको. तो तिकडं बंदूक घेऊन बसला अन् इकडून त्याच्या आईचं काळं तोंड जाईल, हे काही मले पटत नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मी समजून घेतलं असतं, मला त्याची सवय आहे.

मग सल्ले आले. आमच्या लाइनीत मीठ मागायला गेलं तर नाही म्हणतील, सल्ला मात्र भांडंभर मिळतो. शालिग्राम भैयांचं मत पडलं की चूक सूर्याची आहे. भाभी, सूरज पीछे रखिए, असं म्हणून त्यांनी स्वतः बाक उचलून उलटा केला, आमच्या बिऱ्हाडाची तोंडं फिरवली आणि सूर्य आता कसा काय चुकतो ते बघायला बाजूला उभे राहिले. त्या फोटोत सूर्य बरोबर आला. मागं दोरीवर भैयांचे पायजमे बरोबर आले, कडेला शिट्टी गळ्यात घातलेले खुद्द भैया आले. सासूबाई अंधारात.

नंतर बाबाराव आले. बाबाराव फॅक्टरीत दुर्बिणी तपासायच्या सेक्शनमधून निवृत्त झालेले. काच म्हटली की त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी कॅमेरा पुढून पाहिला, मागून पाहिला, भात्याचा वास घेतला आणि सांगितलं की भात्याला भोक आहे. मी अदबीनं म्हटलं, काका, भोकातून आत उजेड येईल, तो फोटोत पांढरा दिसेल. अंधार कसा येईल? बाबाराव माझ्याकडं करुणेनं बघत राहिले. म्हणाले, तू बाळंतपणातून उठली आहेस, जास्त विचार करू नकोस.

भोक शोधायची त्यांची रीत अशी की अंधार पडल्यावर भात्याच्या आत पेटता टॉर्च ठेवायचा आणि बाहेरून कुठं ठिपका दिसतो ते पाहायचं. रीत चांगली आहे, माझे वडीलही तसंच करायचे. फक्त ते ब्लॅकआउटमध्ये अंगणात करायचे नाहीत. बाबारावांनी टॉर्च लावला, आणि त्यांचा हात लागून लेन्सचं झाकण पडलं. आमच्या अंगणातून सर्चलाइटसारखा एक झोत निघाला तो थेट आंब्याच्या शेंड्याला लागला. शालिग्राम भैयांच्या शिट्टीला आजवर खरं काम मिळालं नव्हतं. त्यांनी ती अशी फुंकली की खालच्या लाइनीतले लोक खंदकात जाऊन बसले. बाबाराव टॉर्च विझवायचा सोडून भैयांना दुर्बिणींचं शास्त्र समजावून सांगू लागले. दुसऱ्या दिवशी ह्यांना सेक्शनमध्ये लेखी ताकीद मिळाली, आणि घरी आल्यावर हे मला काहीच बोलले नाहीत. न बोलणं हा आमच्या ह्यांचा रागवायचा प्रकार आहे. मला त्यापेक्षा बाबाराव बरे.

भोक मात्र सापडलं, मोहरीएवढं. बाबारावांनी त्यावर आतून दवाखान्यातली चिकटपट्टी लावली. तिसऱ्या फोटोच्या वेळी ती सुटून आत लोंबली आणि बरोबर अण्णांच्या डोक्याच्या जागी आली. म्हणजे आता अण्णांना डोकं नाही आणि सासूबाईंना उजेड नाही. नवरा-बायकोत पहिल्यांदाच काही सारखेपणा आला, असं अण्णा म्हणाले, आणि त्या दिवशी त्यांना भाजीत मीठ मिळालं नाही.

चौथ्या वेळी सासूबाईंनीच डाव टाकला. बसायच्या ऐन वेळी त्या उठल्या आणि अण्णांना म्हणाल्या, "सरका तिकडं. आज तुम्ही बसा माझ्या जागेवर." अण्णा सरकले. फोटोत अण्णा काळेठिक्कर, सासूबाई लख्ख. त्या आनंदानं बाहेर अंगणात गेल्या, तुळशीला पाणी घातलं, आणि कुंपणावरून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या की दोष तोंडाचा नाही, जागेचा आहे. आता बापूभाऊजींना हाच पाठवू, असं मी सुचवलं. त्यांचा आनंद तिथंच मावळला. बापाचं काळं तोंड पाठवायचं? त्यापेक्षा नकोच.

तेवढ्यात खरी लढाई सुरू झाली. तालमीतल्या भोंग्याचा आणि खऱ्या भोंग्याचा आवाज एकच असतो, पण खरा वाजला की मी आधी बेबीला पाळण्यातून उचलायची. ह्यांना दुहेरी पाळी लागली. बापूभाऊजींच्या पत्त्यात गावाचं नाव नसायचं, नुसता आकडा. सासूबाई रेडिओजवळ बसायच्या आणि बातम्या संपल्या की मला विचारायच्या, झाला काय व तुझा फोटो? पूर्वी त्या कॅमेऱ्याला पेटारा म्हणायच्या. आता 'तुझा फोटो' म्हणायला लागल्या. त्यानं मला जास्त भीती वाटायची.

आणि फिल्म्स उरल्या होत्या दोन. सदर बाजारातल्या दुकानात विचारलं तर दुकानदार हसला. लढाई संपल्यावर या म्हणाला.

अशा वेळी मला वडिलांची एक गोष्ट आठवली. फोटोत एक बाजू काळी आली की माणसांचे फोटो काढत बसायचं नाही. कोरी भिंत गाठायची, तिचा फोटो काढायचा. कोऱ्या भिंतीवर चूक लपून राहत नाही. मी घरात सांगितलं की एक फिल्म भिंतीवर घालवणार. सासूबाई पोळी लाटत होत्या. त्यांचं लाटणं थांबलं.

"दोनच हाय म्हणते. अन् एक भिंतीले देते?"

"आई, एक दिली नाही तर दोन्ही जातील."

त्या पुन्हा लाटायला लागल्या. पोळी चांगली तळहाताच्या दुप्पट झाली तरी लाटतच होत्या.

आता कोरी भिंत म्हणजे किती सोपी वस्तू वाटते. आमच्या क्वार्टरमध्ये एकही भिंत कोरी नाही. खाली गेरू, वर चुना, त्यावर दिनदर्शिका, खिळे, देवाच्या दिव्याचा धूर, बेबीच्या वरणाच्या हातांचे ठसे. लाइनीतली सगळी घरं तशीच. कोरी, मोठी, दिवाळीतच चुना मारलेली भिंत अख्ख्या इस्टेटमध्ये एक होती. पाण्याच्या टाकीची.

या वाक्याशी तुम्ही थबकला असाल. मी थबकले नाही. मी रोज तिथून भाजी आणायला जाते. माझ्या लेखी ती मटारवाल्याच्या मागची भिंत होती.

तर डिसेंबरातल्या एका सकाळी, देशात लढाई चालू असताना, तोफांच्या गावात, मी पितळी तोंडाचा कॅमेरा घेऊन टाकीकडे निघाले. अण्णांच्या खांद्यावर घोडी, तिच्यावर काळं कापड गुंडाळलेलं. मागून बेबीला कडेवर घेऊन सासूबाई, कारण घरात बसून फिल्म वाया गेल्याचं ऐकण्यापेक्षा डोळ्यांनी बघितलेलं बरं. मी घोडी उभी केली, कापडात डोकं घातलं, भिंत उलटी करून पाहिली. कोरी भिंत उलटी केली तरी तशीच दिसते. झाकण काढलं, गजानन महाराज म्हटलं, झाकण लावलं आणि कापडातून डोकं बाहेर काढलं तर समोर टाकीवरचा पहारेकरी नथ्थू बंदूक घेऊन उभा. अण्णांनी दोन्ही हात वर केले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

सुरक्षा कार्यालयात आम्हाला खुर्च्या मिळाल्या, चहासुद्धा मिळाला. साहेब सभ्य होते. सभ्य माणसापुढं जास्त घाम फुटतो. त्यांनी विचारलं, फोटो कशाचा घेत होता? मी सांगितलं, दीवार का. दीवार पर क्या था? कुछ नहीं था. तो फिर फोटो क्यों? मी म्हटलं, कुछ नहीं था, इसीलिए. साहेबांनी पेन खाली ठेवलं.

माझी हिंदी बाजारात चांगली चालते, पण ती भाजीची हिंदी आहे. फिल्म, दवा, काळी बाजू, हे सगळं मटाराच्या हिंदीत बसवताना माझा जीव मेटाकुटीला आला आणि मी शेवटी म्हटलं, "साहब, बस इतना देखना था कि सब सारखा आता है कि नहीं."

साहेबांनी पुन्हा पेन उचललं. "ये सारखा कौन है?"

सासूबाई म्हणाल्या की कौन नाही, सारखं. अण्णांनीही मान हलवली, सारखं, सारखं. आता साहेबांपुढं तीन माणसं एकच अनोळखी नाव घेत होती. मी घाईनं अर्थ सांगायला गेले. सारखा मतलब लगातार. नहीं, लगातार नहीं, सारखा मतलब एक जैसा. मतलब बराबर. चारों तरफ बराबर.

साहेबांनी तिन्ही शब्द लिहून घेतले आणि माझ्याकडं पाहिलं. "बहनजी, ये अलग-अलग बातें हैं. लगातार या बराबर? तय कर लीजिए."

मला तेव्हा त्या माणसाचा राग आला. हा राग मी पुढं परत घेणार आहे.

त्यांनी फिल्मची पेटी मागवली आणि म्हणाले, खोलिए, देखते हैं. मी ती पेटी पोटाशी धरली. म्हटलं, खोली तो उसमें कुछ नहीं रहेगा. और नहीं खोली तो? तो भी कुछ नहीं है, दीवार है. नथ्थूला हसू आलं, त्यानं ते मिशीत घातलं. शेवटी ठरलं असं की फिल्म इथंच धुवायची. त्यांच्या सामानाच्या खोलीला काळा कागद होताच. अण्णांनी घरून ट्रे आणि बाटल्या आणल्या. आता प्रश्न आला की धुताना आत कुणीतरी हजर हवं. परका पुरुष चालणार नाही, आणि सासूबाई चालणार नाहीत कारण त्या आमच्याच टोळीतल्या. पुष्कळ विचार करून साहेबांनी टोळीतलं माणूस मान्य केलं. सासूबाई माझ्याबरोबर आत, साहेब दाराबाहेर, आणि बेबी नथ्थूकडं.

दार लागलं. आत इतका अंधार की डोळे उघडे की मिटलेले कळेना. मी चाचपून फिल्म काढली. फिल्मच्या कोपऱ्याला खाचा असतात, त्या उजव्या बोटाखाली घेतल्या, नेहमीप्रमाणे ट्रेमध्ये सरकवली आणि हलवायला लागले. वडिलांनी शिकवलेलं एकच वाक्य मी जन्मभर पाळत आले होते: पद्मा, सारखं हलवत राहायचं.

अंधारातून सासूबाईंचा आवाज आला. हळू, जवळून.

"पद्मा, मले फोटोची हौस नाही व. माझ्या लग्नातसुद्धा नाही काढला. पण त्यानं जाताना म्हटलं नं, आईचा चेहरा." मग बांगड्या सारल्याचा आवाज आला. "तिकडं अंधारात बसत असन तो. त्याले बापा, उजेडातली आई पायजे."

मी हलवत राहिले. पाणी चुबुक, चुबुक वाजत होतं.

"अन् तू हे काय करून राहिली?" त्यांचा आवाज एकदम घरचा झाला. "पाळणा हलवून राहिली काय? बेबी तं बाहेर हाय."

माझा हात थांबला. खरंच, डावा हात हवेत होता, दोरी धरल्यासारखा. तो मागं गेला की उजवा हात ट्रेची उजवी कड उचलत होता. तो पुढं आला की खाली ठेवत होता. झोका तसा ट्रे, झोका तसा ट्रे. मी सारखं हलवत होते, क्षणभर थांबत नव्हते, आणि दरवेळी तीच एक कड उचलत होते. दवा वाहून डावीकडं जायचा आणि उजवी कड तहानलेली राहायची, आणि तहानलेली कड छापल्यावर काळी उतरते. दर दुपारी. माझी लेक झोपली होती आणि माझी सासू काळी होत होती.

लगातार या बराबर? तय कर लीजिए.

वडिलांनी लगातार म्हटलंच नव्हतं. त्यांनी बराबर म्हटलं होतं. सारखं म्हणजे सगळीकडं सारखं. एकच शब्द, दोन अर्थ, आणि चुकीचा घेऊन मी एवढी वर्षं अभिमानानं मिरवत होते. वडिलांच्या घरी पाळणा नव्हता म्हणून काही बिघडलं नव्हतं, इतकंच.

"आई," मी म्हटलं, "तांदूळ कसे रोळता तुम्ही?"

"आता तांदूळ काहून?"

"सांगा ना."

"कसे म्हणजे. परात इकडून उचलाची, तिकडून उचलाची, गोल फिरवाची. कुठं खडा राहू नाही द्याचा."

मी फिल्म तशी रोळायला लागले. इकडून, तिकडून, समोरून, गोल. दारापलीकडं बेबी रडायला लागली आणि माझा डावा हात आपोआप उठला. सासूबाईंनी अंधारात तो शोधून काढला आणि घट्ट धरून ठेवला. बाहेर नथ्थू आपल्या भारी आवाजात बेबीला टाकीवरच्या कबुतरांची हकिगत सांगत होता. ती गप्प झाली.

फिल्म पक्की करायच्या दुसऱ्या ट्रेमधून ती बाहेर काढून आम्ही दार उघडलं. साहेबांनी ती ओली फिल्म खिडकीशी धरली. वरून खाली पाहिली, डावीकडून उजवीकडं पाहिली, चष्मा काढून पुन्हा पाहिली. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच राखाडी रंग. ना ढग, ना डाग, ना सावली.

"इसमें तो कुछ भी नहीं है," ते म्हणाले.

मी रडायला लागले. साहेब घाबरले, त्यांना वाटलं आरोप कबूल करते आहे. मी पदरानं डोळे पुसत म्हटलं, साहब, बराबर. लगातार नहीं, बराबर. तय हो गया. आणि सासूबाई, ज्यांनी आजवर माझं एकही काम चारचौघांत चांगलं म्हटलं नव्हतं, त्या पुढं झाल्या आणि साहेबांना म्हणाल्या की बघा, नीट बघून घ्या, पोरीनं किती साफ काढली तुमची भिंत.

फिल्म कागदपत्रांत जमा झाली. पण साहेबांनी मला ती घरी नेऊन एक प्रत छापू दिली, आणि प्रत दाखवायला नेली तेव्हा नियमाप्रमाणे तिच्या कोपऱ्यावर 'जाँचा गया' असा शिक्का मारला. आक्षेपार्ह काही नसल्याचं सरकारनं लिहून दिलेली ही आमच्या घरातली एकमेव वस्तू.

बातमी आमच्याआधी लाइनीत पोचली होती. शालिग्राम भैया खव्याची जलेबी घेऊन आले आणि म्हणाले, सूरज का दोष नहीं था, यह मैं पहले दिन से कह रहा था. बाबारावांनी भोकाचा विषय काढला नाही. आपण चिकटपट्टी लावल्यावरच गाडी रुळावर आली, एवढंच ते जाता जाता म्हणाले. रात्रपाळीहून आलेल्या ह्यांनी सगळं ऐकलं, काही बोलले नाहीत, पण आपल्या वाटणीची जलेबी माझ्या ताटलीत ठेवली. न बोलण्याचे दोन प्रकार असतात. हा दुसरा.

शेवटच्या फिल्मचा दिवस उजाडला. सासूबाईंनी ठेवणीतलं लुगडं नेसलं आणि आपल्याच जुन्या जागी, उजव्या टोकाला, तुळशीला खेटून बसल्या. मी म्हटलं, वाटल्यास आज मधे बसा. त्या म्हणाल्या, काहून? जागेचा दोष नाही, पाळण्याचा होता. मी झाकण काढलं, लावलं, आणि दुपारी न्हाणीत गेले. पाळण्याची दोरी त्या दिवशी दाराखालून आत आली नाही. बाहेर सासूबाई स्वतः दोरी धरून बसल्या होत्या आणि मधूनमधून दारावर टिचकी मारून विचारत होत्या, रोळून राहिली नं?

फोटो आला. अण्णांचा मफलर, ह्यांचे न बोलणारे ओठ, तुळशीची पानं आणि सासूबाई. कपाळावरच्या कुंकवापासून हातावरच्या गोंदणापर्यंत लख्ख उजेडातल्या सासूबाई, थेट समोर बघणाऱ्या, जणू लेन्सच्या आत कुणीतरी बसलेलं त्यांना दिसत होतं. सगळे असे स्वच्छ आणि बेबीच्या जागी मात्र एक पांढरं धुकं, त्यात कुठंतरी तीन-चार हात. एवढा वेळ स्थिर राहणं तिला कुठलं जमायला. मी हिरमुसले. फिल्म संपली होती. सासूबाईंनी फोटो पदराखाली घेतला आणि म्हणाल्या, जाते तसाच जाऊ दे.

लढाई थांबली त्यानंतर पुष्कळ दिवस आमच्या दाराशी सायकलची घंटा वाजली की घरातली सगळी कामं थांबायची. मग एका दुपारी पत्र आलं. ह्यांनी मोठ्यानं वाचलं. बापूभाऊजी खुशाल होते. लिहिलं होतं, आई अगदी समोर बसल्यासारखी आली आहे, मी रोज तिच्याकडं बघून तोंड धुतो, नाही तर रागावेल असं वाटतं. अण्णांना मफलर धुवायला सांगा. आणि बेबी काही दिसली नाही, पण ती सारखी हलते आहे एवढं दिसलं, म्हणजे घरी सगळं ठीक आहे.

"सारखी म्हणजे?" अण्णांनी विचारलं. "लगातार की बराबर?"

सासूबाईंनी त्यांच्याकडं बघितलंही नाही. त्या पत्र परत पहिल्यापासून वाच म्हणाल्या.

भिंतीचा फोटो मी ट्रंकेत टाकणार होते. तो सासूबाईंनी अण्णांकडून चौकटीत बसवून घेतला आणि पुढच्या खोलीत, दिनदर्शिका काढून, तिच्या खिळ्याला लावला. आता आमच्या भिंतीवर भिंत आहे. येणारा-जाणारा थांबतो, जवळ जातो, मान तिरकी करतो आणि विचारतो की हा कशाचा फोटो आहे, यात तर काहीच नाही. मग सासूबाई बेबीला कडेवर घेऊन उठतात, चौकटीची काच पदरानं पुसतात आणि म्हणतात,

"आमच्या सुनेनं काढला. साहेबानं चष्मा काढून पाह्यला. पाहा तुम्हीही, कुठं एक डाग दिसते काय."